धोंडू घाडी, राहणार सर्वत्र

भोईवाड्यातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, खोली नंबर सतरामध्ये तळहाताएवढा एक आरसा आहे. वरचा कोपरा पारा उडून काळा पडलेला. या आरशात एकेकाळी कोकणातल्या एकाच गावची बेचाळीस माणसं दाढी करत. तीन पाळ्यांत, एकाच्या कानामागून दुसरा डोकावत. आणि तरी कुणाचा गाल कापल्याची नोंद नाही. नोंद नाही म्हणजे तसं घडलंच नाही, कारण त्या खोलीत घडलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद आहे.

पुढे गिरण्या गेल्या, माणसं पांगली, दाढ्या ज्याच्या त्याच्या घरी होऊ लागल्या. भिंतीवर राहिल्या बेचाळीस खुंट्या, प्रत्येकीखाली तेलरंगाने घातलेला आकडा. कोपऱ्यात राहिला गावच्या रवळनाथाचा फोटो आणि त्याच्यासमोरचा, कधीही न विझणारा लाल बल्ब. खिडकीजवळच्या खुर्चीत राहिले धोंडू घाडी, वय वर्षे त्रेसष्ट, कातळवणे ग्रामस्थ मंडळ, मुंबई, यांचे नोंदवहीप्रमुख. हे पद मंडळाच्या घटनेत नाही. धोंडूकाकांनी ते स्वतःच निर्माण केलं आणि त्यावर ते बिनविरोध निवडून आले.

विमा कंपनीच्या आवक-जावक खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. आलेलं काय आणि गेलेलं काय, एवढं कळलं की आयुष्य कळलं, असं त्यांचं मत. रोज दुपारी दोनला ते खोली उघडत, खुर्चीत बसत आणि नोंदवही उघडत. नोंदवहीला मंडळात 'बाड' म्हणत. लाल कापडी बांधणीचं, धोंडूकाकांच्या वडिलांनी सुरू केलेलं. रकाने सहा: नाव, वाडी, घर, मुंबईतला पत्ता, फोन, शेरा. पहिले पाच कुणीही भरील. सहावा भरायला माणूस ओळखावा लागतो. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या एका सभासदापुढे लिहिलं होतं, 'हो म्हणाला तर येत नाही. नाही म्हणाला तर जेवणाची तयारी ठेवावी.' दुसऱ्या एकापुढे, 'फोन उचलत नाही. खालून शिट्टी मारावी.'

शेऱ्यांची गरज होती, कारण कातळवण्यात सगळे घाडी. नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत. त्यात पूर्वी मुलं जगत नसत, म्हणून नजर लागू नये, देवाला वाटावं हे काय न्यायचं, अशा हिशेबाने पोराला दगड म्हणून टाकायचे. त्यामुळे गावात जगली ती धोंडू आणि दगडू, उरली ती पांडू आणि बाबू. बाडात सदतीस धोंडू घाडी होते, त्यांपैकी अकरा मयत, आणि आपले धोंडूकाका बारा नंबरच्या पानावर, वडिलांच्या अक्षरात. पाच रकाने भरलेले. शेऱ्याची जागा कोरी. वडील लिहायचे राहिले, की लिहिण्यासारखं काही दिसलं नाही, हा प्रश्न धोंडूकाका दुपारी तीनच्या सुमारास, डोळे मिटायच्या आधी, स्वतःला विचारत. उत्तर यायच्या आत झोप येई.

तर अशा या खोलीवर पत्र आलं. चाळ पाडून टॉवर उभा करणाऱ्यांच्या कार्यालयातून. मजकूर सभ्य होता. खोली मंडळाच्या नावावर आहे हे मान्य, पण मंडळ आहे कुठे? अठरा तारखेच्या रविवारी सर्वसाधारण सभा घ्या, किमान दीडशे सभासदांनी जातीने येऊन ठरावावर सह्या कराव्यात, आमचा माणूस बघायला येईल. तेवढे आले नाहीत तर मंडळ बंद पडलं असं धरून नवीन इमारतीत जागा मिळणार नाही.

मागच्या सभेला तेवीस लोक होते. त्यातले दोघे शेजारच्या चाळीतल्या साखरपुड्याला आलेले आणि जिना चुकलेले.

"काका, लोड घेऊ नका," चिटणीस सुशांत म्हणाला. हा लालबागचा, वय चव्वेचाळीस, एका औषध कंपनीत टीम लीड. म्हणजे त्याच्या हाताखाली सात माणसं आहेत आणि ती कुठे आहेत हे त्याला फोन करून शोधावं लागतं. "तुमचं बाड आहे ना, ते सर्व्हरवर टाकू. शेअर्ड कॉन्टॅक्ट्स. आपल्याकडे तीन काम्पुटर पडलेत, तिन्ही त्याला जोडू. कमिटीतले तीसही जण आपापल्या घरून बघतील. नऊशे बारा माणसं, एक क्लिक, सगळ्यांना नोटीस."

"आणि बाडाचं काय?"

"बाडाला आपण फ्रेम करू."

धोंडूकाकांनी बाडाची दोरी बांधली. ज्या वस्तूला लोक फ्रेम करायचं म्हणतात तिच्या मालकाला पुढे काय करतात, हे त्यांनी विमा कंपनीत पाहिलं होतं. पण खोली गेली तर खुर्ची जाणार, खुर्ची गेली तर दुपारी दोनला उठून जायचं कुठे? त्यांनी होकार दिला.

सर्व्हर म्हणजे काय हे त्यांना त्यांच्या सुनेने सांगितलं. अक्षदा दादरच्या एका कॉलेजात संगणक शिकवते आणि न कळणाऱ्यांशी न चिडता बोलायचा तिला पगार मिळतो.

"बाबा, वही एकच असते. एका डबीत. तिन्ही काम्पुटर त्या वहीत डोकावतात. एकावर तुम्ही नाव बदललंत की तिघांवर बदलतं. प्रत्येकाची वेगळी वही नाही."

"म्हणजे आरसा एक आणि दाढ्या बेचाळीस."

"हो," अक्षदा म्हणाली. "फक्त इथे एकाने दाढी केली की सगळ्यांची होते."

या वाक्यात पुढचं सगळं होतं. पण त्या वेळी धोंडूकाकांना ते फार सुंदर वाटलं आणि ते दिवसभर गुळगुळीत गालांच्या एका रांगेकडे मनातल्या मनात बघत राहिले.

डबी आली. साबणदाणीएवढी. तिला अखंड वीज हवी आणि इंटरनेटची वायर हवी. विजेचा प्रश्न सोपा निघाला. खोलीतली सगळी बटणं संध्याकाळी बंद होतात, फक्त एक सोडून. रवळनाथासमोरचा लाल बल्ब पन्नास वर्षांत कुणी बंद केलेला नाही. त्याच्याच बोर्डाला फुटवा काढून डबी देवाच्या फळीवर, नारळाशेजारी ठेवली. तिचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला तेव्हा ती तिथे बरीच जुनी वाटली.

वायरीचं तसं झालं नाही. वायर गॅलरीतून आणायची तर चाळ कमिटीचं ना हरकत पत्र. चाळ कमिटी म्हणाली, आधी ज्यांच्या दारावरून वायर जाते त्यांचं ना हरकत पत्र. ते दार अंबिका वहिनींचं. त्या पोळीभाजीचे डबे करतात आणि गॅलरीवर त्यांची सत्ता आहे.

"हरकत कशाला असेल, भावजी," वहिनी म्हणाल्या. "पण तुमच्या पिंपातलं पाणी माझ्या उंबऱ्यावर येतं, ते वर्षभर सांगते आहे. ते थांबलं की लिहून देते."

पिंप बदललं. वहिनींनी पत्र दिलं. ते पाहून चाळ कमिटी म्हणाली, यावर मंडळाचा शिक्का हवा. शिक्का गावी, देवळाच्या कपाटात. तो बसने आला, चार दिवसांनी, सोबत दोन फणस. एक फणस कमिटीच्या अध्यक्षांकडे गेला आणि वायर आली. ती वहिनींच्या कपड्यांच्या दोरीला लगटून आणल्यामुळे वहिनींनी तिच्यावर टॉवेल वाळत घातले, आणि टॉवेल काढताना त्या वायर ओढत, त्यामुळे मंडळाचं इंटरनेट रोज साडेअकराला जायचं आणि टॉवेल घड्या घालून झाले की यायचं. धोंडूकाका पत्ते दुपारीच टाइप करत, म्हणून अडलं नाही.

तीन काम्पुटरांच्या तीन तऱ्हा. एकावर ईमेलचा जो प्रोग्राम होता त्याच्यावर निळा पक्षी, दुसऱ्यावर पिवळं पाकीट, तिसऱ्यावर चित्रच येत नसे, फक्त एक वर्तुळ फिरत राही. पक्ष्याने डबी पहिल्याच दिवशी ओळखली. पाकिटाने पत्ता विचारला, नाव विचारलं, पासवर्ड विचारला, मग इंग्रजीत म्हणालं, या सर्व्हरची ओळख पटत नाही, तरीही विश्वास ठेवायचा का?

धोंडूकाकांना हा प्रश्न आवडला. गावात शिरताना पारावरचे लोक हाच विचारतात, "कोणाचो रे तू?" त्यांनी देवाच्या फळीकडे पाहिलं. डबी रवळनाथाच्या पायाशी. यापेक्षा चांगली ओळख कुणाची असणार? त्यांनी 'होय' दाबलं. काही बिघडलं नाही. इथे त्यांना 'होय'ची सवय लागली.

तीन आठवडे ते टाइप करत होते. एका बोटाने, सहाही रकाने. अक्षदा म्हणाली होती शेरा नको, पण अर्धी नोंद ही नोंद नव्हे. खिडकीतून केईएम हॉस्पिटलच्या बाजूचा वारा येई, तिसऱ्या काम्पुटरवरचं वर्तुळ जात्यासारखं फिरत राही, आणि नावं एकामागून एक डबीत उतरत. शीव कोळीवाड्याचे धोंडू, वरळीचे धोंडू, नालासोपाऱ्याचे, दिव्याचे, एक दुबईचा. दुपार कलली की धोंडूकाकांना वाटे, ही माणसं परत येत आहेत. पाळी सुटली आहे, जिन्यावर वहाणा वाजत आहेत, एकेक जण आपल्या आकड्याच्या खुंटीला सदरा अडकवतो आहे आणि जमिनीवर जागा नाही म्हणून डबीत जाऊन झोपतो आहे. मयत त्यांनी गाळले नाहीत. वडिलांनी कुणाला खोडलं नव्हतं, फक्त शेऱ्यात 'मयत' लिहून पुढे 'मुलगा येतो' किंवा 'सून फोन घेते' असं जोडलं होतं.

चौदा तारखेला, बुधवारी, सगळं जुळलं. तिन्ही काम्पुटर जोडलेले. नोटीस सुशांतने तयार केली होती आणि ती दुपारी चार वाजता आपोआप जायची होती. नोटिशीत नावाखाली पुष्कळ जागा रिकामी दिसत होती, म्हणून त्याने बाकीचे रकानेही त्यात यावेत अशी खूण केली. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, डिझाइन. पण कुणी विचारलं नाही.

पावणेचारला दगडूमामा आले. वय ब्याऐंशी, मंडळाचे सगळ्यात जुने सभासद, खुंटी नंबर तीन. त्यांनी देवाच्या फळीकडे पाहिलं आणि ते दारातच थांबले.

"धोंडू, ह्या काय?"

"सर्व्हर, मामा. सगळ्यांची नावं आहेत त्यात."

"गाऱ्हाणा घातलास?"

"नाही."

"देवाच्या बाजूक बिऱ्हाड केला आणि देवाक सांगूक नाय?"

गाऱ्हाणं म्हणजे नारळ धरून देवाला घातलेलं साकडं; एकाने सांगायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. नारळ होताच. मामांनी तो हातात धरला. सुशांत, अंबिका वहिनी आणि सभेच्या तयारीला आलेले चारपाच जण मागे उभे राहिले. धोंडूकाकांनाही उठायचं होतं, पण त्याच क्षणी निळ्या पक्ष्याने पडद्यावर एक चौकट आणली. दोन बटणं, होय आणि नाही. अक्षदाने बजावलं होतं, काहीही विचारलं तर आधी मला फोन करा. पण गाऱ्हाणं सुरू असताना फोनवर बोलायचं? ते माऊसवर हात ठेवून, मान देवाकडे वळवून बसले.

"बा देवा म्हाराजा," मामांनी सूर लावला, "आज तुझ्या पायाकडे लेकरांनी एक पेटी आणून ठेवली हा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. धोंडूकाकाही म्हणाले आणि त्यांचं बोट आपोआप खाली गेलं. पडद्यावर दुसरी चौकट आली.

"तेतूर काय आसा ता आमका कळूक नाय. तुका कळात."

"व्हय म्हाराजा." बोट खाली. तिसरी चौकट.

"गावाची सगळी नावा हीत घातली हत. कोणाक वेगळो मानू नको. सगळ्यांका एकत्र कर."

"व्हय म्हाराजा."

चौथ्या चौकटीत धोंडूकाकांना इंग्रजीत 'कायमचे' असा काहीसा शब्द दिसला. पण ज्याने जन्मात गाऱ्हाण्याला 'नाही' म्हटलेलं नाही त्याच्या बोटाला तरी दुसरं काय येणार?

"चुकला माकला पोटात घे. मागचा इसरान जा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या आताच्या आता सगळ्यांक पोचव."

"व्हय म्हाराजा."

नारळ फुटला, एका फटक्यात, दोन सारख्या वाट्या. शुभ. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले.

अक्षदा साडेपाचला आली. तिने पडदा पाहिला आणि पर्स खांद्यावरून न उतरवताच खुर्चीत बसली.

"बाबा, नऊशे बारा नावं होती ना?"

"नऊशे बारा."

"आता एकशे चौसष्ट आहेत."

पक्ष्याने विचारलं होतं, एकसारखी नावं सापडली आहेत, एक करायची का? होय. सगळे फोन एकत्र ठेवायचे का? होय. शेरे एकापुढे एक जोडायचे का? होय. जुन्या नोंदी कायमच्या काढायच्या का? होय. इतर काम्पुटरांवर लगेच पाठवायचं का? होय. पाच प्रश्न, पाच 'व्हय म्हाराजा'. पाकिटाने ते ऐकलं, फिरत्या वर्तुळानेही ऐकलं, कमिटीच्या तीस जणांच्या घरी ऐकलं गेलं, आणि मग चार वाजता ठरल्याप्रमाणे नोटीस निघाली.

"तुम्ही 'नाही' का नाही दाबलंत?"

"देवासमोर?"

अक्षदाने 'धोंडू' असं लिहून शोधलं. एक नाव आलं. एकच.

श्री. धोंडू घाडी. राहणार भोईवाडा, वरळी, शीव कोळीवाडा, लालबाग, नालासोपारा, दिवा, दुबई. फोन सदतीस. आणि खाली शेरा, एका दमात: 'उंच. बुटका, पण हाक मारली की आवाज देवळापर्यंत जाई. गोड बोलतो. अजिबात बोलत नाही. मयत. येताना सुके बांगडे आणतो. दोनदा लग्न. लग्न केलं नाही. मयत, सून फोन घेते. नाटकात स्त्री पार्ट करी, भल्याभल्यांना ओळखू आला नाही. पोहायला येतं. बुडाला. मयत. दुबईत. पेटी वाजवी. भांडखोर, पण आजारपणात रात्री बसतो.'

धोंडूकाका वाचत राहिले. त्यांना आधी लाज वाटली, मग भीती, आणि मग कसलंतरी गार, हलकं वाटलं, विहिरीत डोकावल्यावर तोंडावर येतं तसं. असा एक माणूस असावा. सगळीकडे राहणारा, उंच आणि बुटका, मेलेला आणि येणारा. आणि त्याचं नाव आपलं असावं. त्यांनी शेऱ्यात स्वतःला शोधलं. कुठे नव्हते. कोरी जागा कशात मिसळणार?

हेच्या हे सदतीसच्या सदतीस फोनांवर गेलं होतं. आणि वर सुशांतची ओळ: 'आपल्याशिवाय सभा होणार नाही.' दगडूंचंही तसंच, पांडूंचंही तसंच. बाबू तर एकोणसाठ होते.

गुरुवारी फोन सुरू झाले. एका धोंडूने 'अजिबात बोलत नाही' हा शेरा आपलाच असं धरून पाऊण तास भांडण केलं. दिव्याच्या धोंडूला दोन लग्नांबद्दल घरात खुलासा द्यावा लागत होता. सुशांत नाव मंडळात एकच, त्यामुळे तो कुणात मिसळला नव्हता. त्याचा शेरा त्याला स्वतंत्रपणे मिळाला होता.

"काका, हे काय लिहिलंय? 'उत्साही. काम सुरू करतो.'"

"करतोस ना सुरू?"

"आणि पुढे?"

"पुढचं लिहायला जागा ठेवली आहे."

सुशांत खुंटी नंबर नऊखाली जाऊन बसला. मग म्हणाला, "काका, तुम्ही आमच्याबद्दल हे सगळं लिहून ठेवता, आणि लोक तुम्हाला चहा पाजतात. रविवारी तेवीस पण येणार नाहीत. खोली गेली आपली."

ते खरं होतं. शुक्रवारी आणि शनिवारी धोंडूकाकांनी खोली उघडली नाही. शुक्रवारी दोन वाजता ते उठले, चपला घातल्या, आणि जायला ठिकाण नाही हे आठवून दारातच उभे राहिले. अक्षदाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. बाडावरून सगळं परत भरता येईल, दोन महिने लागतील, असं ती म्हणाली. पण दोन महिन्यांनी कुठल्या खोलीत? नऊशे बारा नावं वडिलांनी जमवली, सांभाळली आणि आपण पाच वेळा बोट दाबून घालवली, हा हिशेब त्यांना कुठूनही बघितला तरी जुळत होता.

रविवारी ते बाड घेऊन गेले ते राजीनामा द्यायला. जे पद घटनेत नाही त्याचा राजीनामा कुणाकडे द्यायचा, हा प्रश्न होता. दगडूमामांकडे द्यावा असं त्यांनी वाटेत ठरवलं.

चाळीच्या दारातच त्यांना गर्दी दिसली. त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं असणार. जिन्यावर माणसं, गॅलरीत माणसं, अंबिका वहिनींच्या दारात माणसं, आणि वहिनी कपड्यांच्या दोरीखाली उभ्या राहून "वायरीला हात लावू नका, मंडळाची आहे" असं प्रत्येकाला बजावत होत्या. माणसांच्या हातात फोन होते आणि फोनवर तोच मजकूर होता.

"आले बघा," कुणीतरी म्हणालं. धोंडूकाका मागे वळणार होते, पण मागे जिना भरला होता.

पहिली पुढे आली ती तिशीतली एक बाई. "मी दर्शना. शीव कोळीवाड्याहून आले. माझे आजोबा धोंडू घाडी. मी त्यांना पाहिलेलं नाही, फोटोही नाही." तिने फोन पुढे केला. "यातले माझे कुठले?"

तिच्यामागून एक जण म्हणाला, "आमचे पण सांगा. वडील म्हणतात पेटी वाजवणारे, आत्या म्हणते बुडालेले." त्याच्यामागचा भांडायला आला होता, पण रांग पाहून रांगेत उभा राहिला.

धोंडूकाका खुर्चीत बसले. त्यांनी बाड मांडीवर घेतलं आणि ते उघडलंच नाही.

"शीव कोळीवाडा," ते दर्शनाला म्हणाले, "म्हणजे खालची वाडी, विहिरीजवळचं घर. तुझे ते बुटके. आवाज देवळापर्यंत जाई, ते. खुंटी नंबर सव्वीस. आणि नाटकात स्त्री पार्ट करी तेही तेच. दोन वेगळे लिहिले आहेत, पण माणूस एक."

दर्शना सव्वीस नंबरच्या खुंटीपाशी गेली. खुंटी बरीच खाली होती, बुटक्या माणसाला पुरेल एवढी. तिने ओढणी काढून तिथे अडकवली आणि येऊन सही केली.

मग रांग सरकत राहिली. उंच, बुटका, गोड बोलणारा, बांगडेवाला, एकेक जण त्या मोठ्या धोंडूतून सुटा होऊन आपापल्या घरच्यांकडे गेला. जे भांडायला आले होते त्यांनाही त्यांचा शेरा मिळाला आणि बहुतेकांना तो अपेक्षेपेक्षा बरा वाटला. दिव्याच्या धोंडूची बायको सोबत आली होती. "दोन लग्नं वरच्या वाडीतल्या धोंडूची, एकोणीसशे अडतीस साली," असं धोंडूकाकांनी सांगितल्यावर तिने नवऱ्याला ठरावावर सही करायला पेन दिलं.

दुपारी टॉवरवाल्यांचा माणूस आला. त्याने पडद्यावरची यादी पाहिली, सह्या मोजल्या.

"यादीत सभासद एकशे चौसष्ट आहेत. सह्या तीनशे अकरा. हे बाकीचे कोण?"

सुशांतने तोंड उघडलं, पण त्याच्याकडे सुरुवात होती, पुढचं नव्हतं. धोंडूकाका म्हणाले, "हजेरी घ्या."

माणसाने पडद्यावरून वाचलं, "धोंडू घाडी."

"हजर," खोलीतून आलं. "हजर," गॅलरीतून आलं. जिन्यावरून, खालच्या नळापासून, वहिनींच्या दारातून आलं. दुबईचा धोंडू कुणाच्यातरी फोनच्या पडद्यावर होता, तो सगळ्यात शेवटी, जरा उशिराने "हजर" म्हणाला. टॉवरवाल्यांच्या माणसाने काही वेळ पेन हवेत धरलं. मग गर्दीतल्या एका टोपीवाल्याकडे बोट केलं. "हे कोण?"

"मधली वाडी, फणसाकडचं घर. काळाचौकीला राहतात. आपण बोट दाखवलंत म्हणून रागावले आहेत, पण दहा मिनिटांत चहा विचारतील."

"आणि ते?"

"ते आमचे नव्हेत. साखरपुड्याचा जिना चुकलेत. गेल्या वेळीही आले होते."

माणूस पहिल्यांदा हसला. त्याने रजिस्टर जवळ ओढलं आणि लिहिलं, 'मंडळ आहे.' लिहून होईतो टोपीवाल्याने चहा विचारला.

पाचनंतर खोली रिकामी झाली. दगडूमामा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. राजीनामा धोंडूकाकांच्या खिशातच राहिला होता. फळीवर लाल बल्ब आणि हिरवा दिवा. खुंट्यांवर विसरलेल्या दोन टोप्या आणि एक ओढणी. अक्षदाने सगळं आवरलं आणि ती निळ्या पक्ष्यासमोर उभी राहिली.

"बाबा, उद्यापासून परत भरू. पण एक सांगा, त्या सगळ्यांत तुमचा शेरा कुठला होता?"

"माझा नव्हता. वडिलांनी कोरा ठेवला."

"मग हे बघा."

पडद्यावर एक चौकट आली होती. तिने वाचून दाखवलं. यादी वापरणाऱ्या दुसऱ्या कुणीतरी एक नवीन नोंद केली आहे. कुणी केली ते नाव खाली होतं: सुशांत. लालबागला घरी पोचायच्या आतच, फोनवरून केलेली असणार. सुरू केलेलं एक काम त्याने पुरं केलं होतं.

'धोंडू घाडी. खोली नंबर सतरा, खिडकीजवळची खुर्ची. शेरा: यांना विचारावे.'

खाली प्रश्न होता. ही नोंद ठेवायची का? दोन बटणं.

धोंडूकाकांनी हात माऊसवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. बुधवारनंतर ते प्रश्न शेवटपर्यंत वाचत. त्यांनी तो वाचला, परत वाचला, शेऱ्याची ओळ आणखी एकदा वाचली. मग त्यांना 'होय' दाबायचं होतं, पण बोट हलेना.

भिंतीजवळून, डोळे न उघडता, दगडूमामा म्हणाले, "व्हय म्हाराजा."